बॅ. नाथ पै : परक्या देशांसाठी उठलेला कोकणचा आवाज

एका देशाने दुसऱ्यावर आक्रमण केले, तर तिसऱ्या देशाच्या संसदेने केवळ निषेधाचा ठराव करून काय साधते? मनिऑर्डरवर जगणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्यातून दिल्लीला गेलेल्या एका खासदाराचे सारे सार्वजनिक आयुष्य या प्रश्नाभोवती फिरत राहिले.

गणपतीपुळे : येथील स्वयंभू गणेशाच्या दर्शनासाठी रेल्वेने येणारा भाविक आज रत्नागिरी स्थानकावर उतरतो आणि थोड्याच वेळात समुद्रकाठच्या मंदिरात पोहोचतो. मुंबईहून निघालेला प्रवासी एकेकाळी बोटीने किंवा घाटवळणांच्या रस्त्याने दमूनभागून या किनाऱ्यावर येत असे. कोकणात रेल्वे यावी म्हणून ज्यांनी संसदेत सातत्याने आग्रह धरला, त्यांत बॅरिस्टर नाथ पै यांचे नाव अग्रभागी होते. हा मार्ग १९९८ मध्ये पूर्ण झाला. तो पाहायला ते हयात नव्हते. त्यांच्या निधनाला तेव्हा २७ वर्षे झाली होती.

कोकणाने नाथ पै यांना रेल्वेसाठी लक्षात ठेवले, महाराष्ट्राने त्यांच्या वक्तृत्वासाठी. त्यांच्या कार्याची एक बाजू मात्र मागे पडली. हंगेरी, तिबेट, चेकोस्लोव्हाकिया या नावांचा रत्नागिरी जिल्ह्यातील मतदाराच्या रोजच्या जगण्याशी वरवर काहीही संबंध नव्हता. घरचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत आणि गावचा संसार मनिऑर्डरवर, अशी येथील घराघरांची अवस्था होती. अशा जिल्ह्याच्या प्रतिनिधीने दूरच्या राजधान्यांत घुसलेल्या रणगाड्यांची चिंता का करावी, हा प्रश्न स्वाभाविक होता. नाथ पै यांनी तो टाळला नाही. दुबळ्यावर बळजोरी झाली की जवळचा आणि दूरचा हा भेद उरत नाही, अशी त्यांची धारणा होती.

या धारणेला कोकणच्या मातीत आधारही होता. गणपतीपुळ्यापासून हाकेच्या अंतरावर असलेले मालगुंड हे कवी केशवसुतांचे जन्मगाव. जात, पंथ आणि प्रांत यांच्या कुंपणापलीकडे जाणारा माणूस केशवसुतांनी 'नवा शिपाई' या कवितेत उभा केला. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, वेंगुर्ल्यात, २५ सप्टेंबर १९२२ रोजी नाथ पै यांचा जन्म झाला. त्यावेळी मंडणगडपासून सावंतवाडीच्या सीमेपर्यंतची किनारपट्टी रत्नागिरी या एकाच जिल्ह्यात मोडत होती. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ मध्ये.

वेंगुर्ल्याहून युरोपात

नाथ अगदी लहान असतानाच वडिलांचे छत्र हरपले. आईने आणि थोरल्या भावंडांनी त्यांना वाढवले. शिक्षणाचा बराच काळ बेळगावात गेला, पुढे पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय. राष्ट्र सेवा दल आणि साने गुरुजी यांचा संस्कार याच वयात झाला. १९४२ च्या 'चले जाव' आंदोलनात त्यांनी उडी घेतली आणि तुरुंगवास भोगला.

स्वातंत्र्याच्या सुमारास ते कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले आणि बॅरिस्टर झाले. युरोप नुकताच महायुद्धातून बाहेर पडला होता. मोठ्या सत्तांच्या वाटाघाटीत लहान देशांच्या सीमा कशा हलतात आणि सरकारे कशी बदलतात, हे तेथे उघड्या डोळ्यांनी पाहता येत होते. ब्रिटिश मजूर पक्षाचे आणि युरोपातील लोकशाही समाजवाद्यांचे विचार त्यांनी जवळून अभ्यासले. पन्नासच्या दशकात समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. वसाहतीतून नुकत्याच मुक्त झालेल्या देशातील एका तरुणाला युरोपीय तरुणांनी आपला अध्यक्ष निवडावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. त्यांच्या पत्नी क्रिस्टल या ऑस्ट्रियाच्या. त्यामुळे मध्य युरोप हा नाथ पै यांच्यासाठी नकाशावरचा केवळ एक रंग राहिला नाही.

ऑस्ट्रियाच्या शेजारी हंगेरी आहे. १९५६ च्या ऑक्टोबरात तेथील जनतेने सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध उठाव केला. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले आणि उठाव चिरडला गेला. सुमारे दोन लाख लोकांनी देश सोडला. त्यांतील बहुतेकांनी सीमा ओलांडून ऑस्ट्रियात आश्रय घेतला. पंतप्रधान इम्रे नाज यांना १९५८ च्या जूनमध्ये फाशी देण्यात आली.

त्याच आठवड्यांत ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला चढवला होता. सुएझवरील आक्रमणाचा भारताने तत्काळ आणि खणखणीत शब्दांत निषेध केला. हंगेरीच्या बाबतीत मात्र दिल्लीची भाषा सावध झाली. ९ नोव्हेंबर १९५६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आलेल्या एका ठरावाच्या विरोधात भारताने मत दिले. हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात, हे त्यातील कलम भारताला मान्य नव्हते. असा पायंडा पडला, तर उद्या तो काश्मीरच्या बाबतीत लावला जाईल, ही धास्ती त्यामागे होती. जयप्रकाश नारायण आणि आचार्य कृपलानी यांनी या भूमिकेवर कडक टीका केली. भारतीय समाजवाद्यांच्या मनात तेव्हा जो सल रुतला, तो पुढे बारा वर्षांनी प्रागच्या निमित्ताने पुन्हा ठसठसला.

तिबेटचा प्रश्न

१९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रजा समाजवादी पक्षाचे उमेदवार म्हणून नाथ पै राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. १९६२ आणि १९६७ मध्येही राजापूरने त्यांनाच कौल दिला. संस्कृत वचनांपासून युरोपीय विचारवंतांपर्यंत सहज फिरणारे त्यांचे वक्तृत्व लवकरच सभागृहाच्या परिचयाचे झाले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्याविषयी त्यांना आदर होता. त्या आदराने परराष्ट्र धोरणावरील त्यांच्या टीकेची धार मात्र बोथट झाली नाही.

१९५९ च्या मार्चमध्ये ल्हासात उठाव झाला. तो चिनी सैन्याने दडपला आणि ३१ मार्चला दलाई लामा भारतात आले. भारत सरकारने त्यांना आश्रय दिला. मात्र त्याच वर्षी ऑक्टोबरात तिबेटींच्या मानवी हक्कांविषयीचा ठराव आमसभेत आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. आश्रय देणारा हात आणि मतदानाच्या वेळी न उठणारा हात, ही विसंगती समाजवादी सदस्य सभागृहात वारंवार दाखवून देत होते. त्या बाकांवर नाथ पै होते. तिबेट गिळला गेला, तर उद्या हिमालयाच्या अलीकडे काय होईल, ही त्यांची चिंता होती. लोंगजू आणि कोंगका खिंड येथे त्याच वर्षी भारतीय जवानांचे रक्त सांडले आणि ही चिंता पोकळ नव्हती हे दिसून आले.

गोव्याची उलटतपासणी

दुसऱ्याच्या आक्रमणाचा निषेध करणाऱ्याला स्वतःच्या देशाचीही उलटतपासणी द्यावी लागते. भारतावर ती वेळ १९६१ च्या डिसेंबरात आली.

वेंगुर्ल्याहून गोव्याची हद्द फार दूर नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना नातीगोती, तेच देव आणि तीच बोली. साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज राजवट उठवण्यासाठी ना. ग. गोरे, सेनापती बापट, मधू लिमये यांनी १९५५ मध्ये सत्याग्रह केला. पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या चालवल्या, अनेकांना तुरुंगात डांबले. गोवा मुक्त व्हावा ही नाथ पै यांचीही आग्रहाची भूमिका होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याने गोव्यात प्रवेश केला आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीज सत्ता संपली.

पाश्चात्त्य देशांनी या कारवाईला आक्रमण ठरवले. सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी युद्धबंदीचा आणि भारतीय सैन्याच्या माघारीचा ठराव मांडला. त्याला सात मते मिळाली. सोव्हिएत संघाने नकाराधिकार वापरला आणि ठराव पडला.

कोकणातील सामान्य माणसाला यात गोंधळ नव्हता. स्वतंत्र देशावर चालून जाणे आणि शतकांपूर्वी बळाने बळकावलेली वसाहत मुक्त करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असाच भारताचा युक्तिवाद होता. गोव्यातील जनतेने नव्या व्यवस्थेचे केलेले स्वागत हा त्याचा पुरावा होता. पण या घटनेने एक उपकाराचे ओझेही मागे ठेवले. काश्मीरच्या प्रश्नावर आणि आता गोव्याच्या प्रश्नावर मॉस्को भारताच्या मदतीला धावले होते. पुढे मॉस्कोच चुकले, तर दिल्ली काय बोलणार, हा प्रश्न त्याच दिवशी जन्माला आला.

आपल्याच घरावरचे आक्रमण

त्याआधी दुसरेच संकट कोसळले. २० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने लडाख आणि ईशान्य सीमा भागात एकाच वेळी हल्ला केला. २६ ऑक्टोबरला आणीबाणी जाहीर झाली. ८ नोव्हेंबरला पंडित नेहरूंनी लोकसभेत ठराव मांडला. आठवडाभर चाललेल्या चर्चेत दीडशेहून अधिक सदस्य बोलले. १४ नोव्हेंबरला सर्व सदस्यांनी उभे राहून तो संमत केला. लढा कितीही दीर्घ आणि कठीण असला, तरी भारतभूमीवरून आक्रमकाला हुसकावून लावण्याचा निर्धार त्यात व्यक्त झाला होता.

त्यानंतर आठवडाही उलटला नाही, तोच सेला आणि बोमडिला पडले. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. त्याच दिवशी महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून आलेल्या यशवंतराव चव्हाण यांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे स्वीकारली. अक्साई चीनसह लडाखमधील सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर प्रदेश आजही चीनच्या ताब्यात आहे. ठरावाचा शब्द अजून पुरा झालेला नाही.

तरीही त्या ठरावाला काही अर्थ नव्हता, असे कोणी म्हणत नाही. तो प्रदेश आपला आहे, हे पुढच्या कोणत्याही सरकारला विसरता येऊ नये, अशी संसदेची खूण त्याने उमटवून ठेवली. ठराव रणांगणावर लढत नाही. नंतरच्या वाटाघाटींत शब्द कोठपर्यंत मागे घेता येईल, याची मर्यादा तो आखून देतो. त्या अनुभवानंतर भारताची आणखी एक अपेक्षा होती. इतर देशांनी, निदान अलिप्त मित्रांनी, चीनला आक्रमक म्हणावे. अनेकांनी तसे म्हटले नाही. दुसऱ्याने एक शब्द उच्चारावा म्हणून वाट पाहणे काय असते, हे भारताने तेव्हा सोसले.

'खेद' आणि 'निषेध' यांतले अंतर

२० ऑगस्ट १९६८ च्या रात्री सोव्हिएत संघ आणि वॉर्सा करारातील त्याच्या साथीदारांच्या फौजा चेकोस्लोव्हाकियात शिरल्या. अलेक्झांडर डुबचेक यांनी समाजवादाला माणुसकीचा चेहरा देण्याचा जो प्रयोग आरंभला होता, तो रणगाड्यांखाली चिरडला गेला. नाथ पै यांच्यासारख्या लोकशाही समाजवाद्याला हा घाव दुहेरी होता. एका लहान देशाचे स्वातंत्र्य हिरावले गेले होते, तेही समाजवादाचे नाव घेऊन.

पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी २१ ऑगस्टला लोकसभेत निवेदन केले. त्यात तीव्र चिंता होती, फौजा लवकर परत जाव्यात ही अपेक्षा होती. निषेध मात्र नव्हता. प्रजा समाजवादी, संयुक्त समाजवादी, स्वतंत्र आणि जनसंघ या एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या विरोधी पक्षांनी एकमुखाने स्पष्ट निषेधाची मागणी केली. कम्युनिस्ट सदस्य वेगळ्या बाजूला होते. दोनच दिवसांत सुरक्षा परिषदेत ठराव आला. त्यातील निषेधाचा शब्द सौम्य करावा, असा भारताचा प्रयत्न होता. तो सफल झाला नाही, तेव्हा भारत तटस्थ राहिला. दहा मते बाजूने, दोन विरोधात आणि तीन तटस्थ अशी विभागणी झाली. तटस्थांत भारताबरोबर पाकिस्तान आणि अल्जीरिया होते. सोव्हिएत नकाराधिकाराने तोही ठराव पडला.

या भूमिकेच्या निषेधार्थ केंद्रीय मंत्री अशोक मेहता यांनी राजीनामा दिला. ते पूर्वी प्रजा समाजवादी पक्षाचे नेते होते. एका परक्या देशासाठी भारतीय मंत्र्याने पद सोडावे, ही दुर्मीळ घटना होती.

सरकारची बाजूही समजून घ्यावी लागते. संरक्षण सामग्रीसाठी भारत मॉस्कोवर अवलंबून होता. काश्मीर आणि गोवा या दोन्ही प्रसंगी मिळालेली साथ ताजी होती. शब्द कठोर केल्याने प्रागमधून एकही रणगाडा मागे हटणार नव्हता, उलट एक भरवशाचा मित्र दुखावला असता. या हिशेबाला विरोधकांचे उत्तर असे होते की मैत्रीही एकतर्फी उरलेली नाही. त्याच वर्षीच्या जुलैत सोव्हिएत संघाने पाकिस्तानला शस्त्रे देण्याचा निर्णय घेतल्याचे उघड झाले होते. तोंड मिटून घेतल्याने मित्र राखता येतो, हा समज तेथेच ढासळला होता.

नाथ पै यांच्या एकूण भूमिकेचे मर्म याहून खोल होते. सुएझच्या वेळी जी मोजपट्टी ब्रिटनला लावली, तीच बुडापेस्ट, ल्हासा आणि प्राग यांना लावली पाहिजे. आक्रमक कोण आहे हे पाहून शब्द निवडला, तर त्या शब्दाची पत जाते. मग स्वतःवर वेळ आली की जगाकडून मागायला काही उरत नाही. अलिप्तता म्हणजे दोन गटांपासून सारखे अंतर, अन्यायापासून अंतर नव्हे, असा त्या भूमिकेचा अर्थ होता.

संसदेच्या शब्दाचे वजन

संसदेच्या शब्दाला वजन असावे, हा आग्रह त्यांच्या इतर कामांतही दिसतो. १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मूलभूत हक्कांत बदल करण्याचा अधिकार संसदेला नाकारला. तेव्हा नाथ पै यांनी घटनादुरुस्तीचे खासगी विधेयक मांडले. लोकनियुक्त संसदेला राज्यघटनेच्या प्रत्येक भागात दुरुस्ती करता आली पाहिजे, असे त्यांचे मत होते. अनियंत्रित अधिकार बहुमताच्या हाती पडले तर काय, असा आक्षेप स्वातंत्र्यवाद्यांकडूनच आला आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नव्हता. विधेयक त्यांच्या हयातीत संमत झाले नाही. १९७१ च्या चोविसाव्या घटनादुरुस्तीने तेच तत्त्व स्वीकारले. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने त्याला मूलभूत चौकटीची मर्यादा घातली.

केंद्रीय कर्मचाऱ्यांचा १९६० चा संप, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, सीमाभागाचा लढा अशा अनेक आघाड्यांवर ते झिजत राहिले. हृदयविकाराने शरीर पोखरले होते. १७ जानेवारी १९७१ रोजी बेळगावात सीमालढ्यातील हुतात्म्यांना अभिवादन करणाऱ्या सभेत त्यांनी भाषण केले. त्यानंतर काही तासांतच, १८ जानेवारीला, त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८ वर्षांचे होते. पुढच्या निवडणुकीत राजापूरने प्रा. मधू दंडवते यांना लोकसभेत पाठवले.

त्यांच्यानंतरचे ठराव

नाथ पै गेल्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, ३१ मार्च १९७१ रोजी, संसदेच्या दोन्ही सभागृहांनी पूर्व बंगालमधील जनतेच्या पाठीशी उभे राहण्याचा ठराव एकमताने संमत केला. पाकिस्तानी लष्कराच्या अत्याचारांमुळे पुढे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि डिसेंबरात युद्ध होऊन बांगलादेश स्वतंत्र झाला. संसदेचा शब्द आणि देशाची कृती एकाच दिशेने गेल्याचे ते ठळक उदाहरण ठरले.

त्यानंतरचा अनुभव संमिश्र आहे. अमेरिका आणि ब्रिटनच्या फौजा २००३ च्या मार्चमध्ये इराकमध्ये घुसल्या. शब्द कोणता वापरावा, यावर सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात बरीच ओढाताण झाली. अखेर हिंदी मसुद्यात 'निंदा' आली आणि इंग्रजी मसुद्यात त्याहून सौम्य शब्द राहिला. ८ एप्रिलला लोकसभेने तो ठराव एकमताने संमत केला, तेव्हा अध्यक्षस्थानी मनोहर जोशी होते. दुसऱ्याच दिवशी बगदाद पडले.

२०२२ मध्ये नाथ पै यांची जन्मशताब्दी पूर्ण झाली. त्याच वर्षी २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. आमसभेच्या ठरावाच्या मसुद्यातील निषेधाचा शब्द अधिक देशांचा पाठिंबा मिळावा म्हणून सौम्य करण्यात आला. २ मार्चला १४१ देशांनी त्याच्या बाजूने मत दिले, पाच विरोधात गेले आणि ३५ तटस्थ राहिले. तटस्थांत भारत होता. एप्रिलमध्ये लोकसभेत या युद्धावर चर्चा झाली. ती नियम १९३ खाली झाली. या नियमाखालील चर्चेत मतदान होत नाही, त्यामुळे सभागृहाचा ठरावही होत नाही.

यामागचे हिशेब १९६८ च्या हिशेबांहून फारसे निराळे नव्हते : शस्त्रपुरवठा, जुनी मैत्री, सीमेवर उभा असलेला चीन. त्यांना आणखी एका कारणाची, इंधनाची जोड मिळाली होती. प्रत्येक सरकारला असे हिशेब करावेच लागतात आणि त्यांत तथ्यही असते. मात्र संसद म्हणजे केवळ सरकार नव्हे. सरकार जे बोलू शकत नाही, ते बोलण्याची मुभा लोकप्रतिनिधींना असते. हंगेरीच्या वेळी दिल्लीने वापरली नाही, अशी एकच मोजपट्टी सर्वांना लावणे त्यांना शक्य असते. राजापूरच्या मतदारांनी तीन वेळा दिल्लीला पाठवलेल्या या खासदाराने ती मुभा अखेरपर्यंत वापरली, हेच त्यांचे मोठेपण.